दोनशेच्या खाली

“दोनशे साठ,” जस्मीन संगणकाच्या पडद्याकडे बघत म्हणाली. मग जरा थांबून, आवाज आणखी खाली नेऊन, “पॉइंट चार.”

“ते पॉइंट ऱ्हाऊ दे गं,” दारातून गेणबा बोलला. त्याच्या एका हातात चहाची किटली होती, दुसऱ्या हाताच्या बोटांत पेले अडकवलेले. “वजन वाढल्यावं वरचं ग्रॅम कुणी सांगत बसतं व्हय?”

एरवी रजनीताई मारणे या बोलण्यावर मोकळ्या हसल्या असत्या. आज त्यांनी नुसता पेला घेतला. दिवाळी उरकली होती, महिना संपत आला होता. महिना संपला की त्या निवृत्त होणार होत्या. आणि नंबर उतरायच्या ऐवजी वर चढला होता.

हा नंबर म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं.

कासार आंबोलीच्या अलीकडे पौड रस्ता सोडून आत वळलं, की बंगल्यांच्या कुंपणांमागे टेकडीच्या पोटाशी एका शिक्षणसंस्थेचं लहानसं संशोधन केंद्र आहे. त्याच्या तळमजल्यावर, खिडकीच्या काचांना काळा कागद लावलेल्या खोलीत ते यंत्र होतं. एकमेकांकडे तोंड करून आडवी ठेवलेली दोन नळकांडी आणि मधे बोटभर जागा. त्या जागेत किरणोत्सारी सोडियमचा एक ठिपका, पातळ पापुद्र्यात बंद केलेला. त्याच्या दोन्ही बाजूंना, ज्या धातूची तपासणी करायची त्याचे दोन तुकडे. दोन भाकरींमध्ये झुणका धरावा तसं.

त्या सोडियममधून पॉझिट्रॉन नावाचे अतिसूक्ष्म कण बाहेर पडत राहतात. पॉझिट्रॉन हा इलेक्ट्रॉनचा जुळा भाऊ, पण उलट्या स्वभावाचा. दोघांची गाठ पडली की दोघंही नाहीसे. पॉझिट्रॉन जन्मला की एक किरण सुटतो, संपला की दुसरा. मधलं आयुष्य किती, तर एका सेकंदाचे अब्ज भाग करायचे, त्यातल्या एका भागाचे पुन्हा हजार करायचे, आणि असले शे-दोनशे कण वेचून घ्यायचे. त्या कणाला पिकोसेकंद म्हणतात. आता धातू आतून भरीव असेल तर पॉझिट्रॉन लगेच संपतो. पण एखादा अणू जागेवरून हललेला असेल, तिथे रिकामी जागा असेल, तर तो तिथे जाऊन बसतो आणि जरा जास्त जगतो.

एका नळकांड्यानं जन्माची खबर द्यायची, दुसऱ्यानं मरणाची. हे ऐकून गेणबा फार पूर्वी, शिपाई म्हणून नवा लागला होता तेव्हा, म्हणाला होता, “म्हंजी गिरामपंचायतीचंच काम की. जल्म-मृत्यूची नोंद!” यंत्र उभं करणारे दयानंद सर त्यावर इतके हसले होते की त्यांना ठसका लागला. त्याच दिवशी एका नळकांड्याचं नाव पडलं सुईण आणि दुसऱ्याचं ग्रामसेवक.

दोघांची घड्याळं किती नेमकी आहेत, ते तपासायला मधे कोबाल्ट ठेवायचं. कोबाल्टमधून दोन किरण जवळजवळ एकदमच सुटतात. म्हणजे दोघांनी एकदमच हाळी द्यायला हवी. पण कधी सुईण मागे राहते, कधी ग्रामसेवक. असं हजारो वेळा मोजलं की पडद्यावर एक डोंगर उभा राहतो. त्या डोंगराची पिकोसेकंदांतली रुंदी म्हणजे नंबर. डोंगर पसरट असेल तर यंत्र मंद, सुळका असेल तर तल्लख. रजनीताई घरी सासूबाईंना सांगायच्या, “आत्याबाई, तुमच्या चष्म्यासारखंच. नंबर जास्त असला की शेजारच्या दोन सुया एकच दिसतात.”

सरांच्या हयातीत नंबर कधी दोनशेच्या खाली गेला नव्हता. शेवटी शेवटी तो दोनशे चाळिसावर येऊन अडला होता, पावसात चढावर एसटी अडावी तसा.

आणि आता दोनशे साठ.

*

जस्मीन पौडची. बाजारपेठेत तिच्या वडिलांचं, ताजुद्दीनभाईंचं भांड्यांचं दुकान होतं. लहानपणापासून तिनं ऐकलं होतं की ठोक्याचं तांब्याचं भांडं कणखर आणि बिनठोक्याचं मऊ. का, ते कुणी सांगत नव्हतं. “अब्बा म्हणायचे, मार खाल्ल्यावर सगळेच कणखर होतात,” ती सांगायची. त्याच प्रश्नावर ती पीएच.डी. करत होती. ठोकल्यावर तांब्याच्या आत रिकाम्या जागा तयार होतात, आणि पॉझिट्रॉन त्या ओळखतो. पण मऊ तांब्यातलं आयुष्य आणि ठोकलेल्या तांब्यातलं आयुष्य यांत फरक इतका थोडा, की दोनशे चाळीसच्या चष्म्याला दोन्ही सुया एकच दिसायच्या.

केंद्राचे प्रमुख निरंजन सर. वय चाळिशीच्या आत, परदेशात शिकून आलेले, मनानं चांगले. त्यांनी गणपतीतच सांगून टाकलं होतं. “रजनीताई, ऑक्टोबरअखेरपर्यंत बघू. दोनशेच्या खाली आलं तर उत्तम. नाहीतर जस्मीनचं तांबं बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवावं लागेल, आणि हे यंत्र…”  खोलीच्या कोपऱ्यात जुनी यंत्रं ताडपत्री पांघरून बसली होती, तिकडे त्यांनी फक्त बघितलं.

मग रजनीताईंनी आणि जस्मीननं मिळून ठरवलं, की नळकांड्यांच्या तोंडाशी असलेले ठोकळे लहान करायचे. हे ठोकळे एका खास प्लॅस्टिकचे, काचेसारखे नितळ. किरण आत शिरला की ठोकळ्यात निळसर उजेड लुकलुकतो आणि त्याला चिकटलेली नळी तो टिपते. ठोकळा मोठा असला की उजेड आतल्या आत भिंतींवर आपटत उशिरा पोचतो. लहान ठोकळा, कमी भटकणं. निरंजन सरांनी हिशेब करून दिला, वर्कशॉपनं कापून दिले, आणि घासून चकाकी आणायचं काम अर्थातच रजनीताईंनी केलं.

हात हीच त्यांची नोकरी होती. त्या या खोलीत आल्या तेव्हा नव्या सूनबाई होत्या. बी.एस्सी. झालेल्या, पण हातात अजून हिरवा चुडा. मुलाखतीला दयानंद सरांनी भौतिकशास्त्राचं एक अक्षर विचारलं नाही. कपात चहा काठोकाठ ओतला आणि म्हणाले, “हा तेवढा त्या खिडकीपाशी ठेवता का?” रजनीताईंनी नेऊन ठेवला. सरांनी उठून जाऊन बशी पाहिली. कोरडी होती. “उद्यापासून या,” ते म्हणाले.

त्या हाताला खोट एकच. उजव्या अनामिकेच्या पेरावर विळ्याची आडवी खूण, माहेरी भातकापणीआधी विळ्याला धार लावताना झालेली. बोटाच्या टोकाशी त्यामुळे जरा खळगा पडला होता.

त्या हातांनी ठोकळे घासले, पांढऱ्या पट्टीनं गुंडाळले. नळाच्या आट्यांना प्लंबर लावतो तीच पट्टी, उजेड बाहेर जाऊ देत नाही. मग वरून काळी टेप, आणि ठोकळे नळ्यांना चिकटवले. हे सगळं दसऱ्याच्या सुमाराला झालं. खंडेनवमीला गेणबानं झेंडूच्या माळा बांधल्या, व्होल्टेजच्या पेटीला, कपाटाला, स्वतःच्या पान्याला हळदीकुंकू लागलं, पेढे वाटले. आणि दसऱ्यानंतर यंत्र सुरू केलं तर हे असं.

*

“लाइनीचा दोष हाय,” गेणबानं निदान केलं. “शनवार-रविवार बंगलेवाले येत्यात, एशी लावत्यात, पोहायच्या टाक्यांचं पंप लावत्यात, वर तो डीजे. आमच्या म्हशी दूध चोरायला लागल्यात, मग ही सुईण का चोरणार न्हाई?”

“आज बुधवार आहे, गेणबा,” निरंजन सर म्हणाले.

“तितंच तर घोडं अडलंय.”

सगळं करून झालं. केबली बदलल्या. व्होल्टेज वर केलं, खाली केलं. गणित पुन्हा मांडलं. निरंजन सर बाह्या सरसावून स्वतः टेबलाखाली शिरले आणि डोक्याला टेंगूळ घेऊन बाहेर आले. नंबर साठावरचा हलेना.

त्या संध्याकाळी रजनीताई अंबडवेटला घरी पोचल्या. गावाभोवती आंबेमोहर कापणीला आला होता आणि वाऱ्याला भाताचा वास होता. ओट्यावर सासूबाई, तुळजाबाई, हळकुंडं निवडत बसल्या होत्या. नव्वदीला टेकलेल्या, पण विकतची हळद घरात येऊ देत नसत. परड्यात चार वाफे लावायच्या, हळकुंडं शिजवायच्या, वाळवायच्या, जात्यावर दळायच्या. आता जातं ओढायला नातसून नको म्हणायची, म्हणून गिरणीत पाठवायच्या आणि गिरणीवाल्याला शिव्या घालायच्या.

“काय गं, मेला का तुझा किडा?” त्यांनी विचारलं. पॉझिट्रॉनला त्या सुरुवातीपासून किडाच म्हणत.

“मरतोय हो आत्याबाई. कधी मरतोय तेच कळंना झालंय.”

“मरणाराची घाई तुमाला कशाला? मरंल त्याच्या सवडीनं.” मग सुनेच्या तोंडाकडे पाहून त्यांनी सूप बाजूला सारलं. “तोंड का उतरलंय? रिटायर व्हायचं म्हून?”

“न्हाई. आता नंबर उतरला नाही तर यंत्र झाकून ठेवतील. पोरीचं तांबं दुसरीकडं जाईल. सर गेले तवा म्हणलं होतं, मी असेतोवर करून दाखवीन.”

तुळजाबाईंनी एक हळकुंड उचलून नखानं खरवडलं. “तुझा सर लई गोड माणूस,” त्या म्हणाल्या. “हितं जेवाय आला तवा माझी हळद मागून घेऊन गेला हुता. म्हणला, असा रंग पुण्यात न्हाई.”

रजनीताईंना हसू आलं. सरांचं पिठलं पिवळंजर्द असायचं ते त्यामुळेच. आणि एक आठवण वर आली. नंबर जरा जरी उतरला की सर गेणबाला टपरीवर पिटाळायचे: भजी! चार पिको उतरले तरी भजी. आणि म्हणायचे, “दोनशेच्या खाली आला की बासुंदी. माझ्या हातची. दूध मी आटवणार, कुणी चमचा लावायचा नाही.” करोनानंतरच्या वर्षी सर गेले. बासुंदी राहून गेली. खिडकीजवळची त्यांची वेताची खुर्ची तशीच राहिली. तिच्यावर बसू नका, असं कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पण कुणी बसत नसे, आणि गेणबा रोज सकाळी ती पुसत असे.

*

“पोट उघडायचं,” दुसऱ्या दिवशी रजनीताईंनी जाहीर केलं.

निरंजन सर चुळबुळले. “ताई, पुन्हा चिकटवायला, स्थिर व्हायला दोन दिवस जातील.”

“माहितीये. पण बाहेरचं सगळं बघून झालं. चिकटवताना हवेचा बुडबुडा राहिला असेल, नाहीतर कापताना चीर गेली असेल.”

“चीर असेल तर दिसेल,” जस्मीन म्हणाली आणि पिशवीतून एक लहानसा दिवा काढला. “अब्बांच्या दुकानातला आहे. खोट्या नोटा ओळखायचा. त्याच्या जांभळ्या उजेडात हे प्लॅस्टिक चमकतं, चीर असली तर रेघ दिसेल. संध्याकाळी परत द्यायचाय हं, नाहीतर अब्बा पाचशेच्या नोटा उन्हात धरून गिऱ्हाइकांचा अपमान करतात.”

विजेचा दाब काढला. सुईणीची काळी टेप सुटली, पांढरी पट्टी उलगडली. रजनीताईंनी ठोकळा मऊ सुती फडक्यावर ठेवला. फडकं त्यांच्याच जुन्या लुगड्याचं होतं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं. गेणबानं खोलीतला दिवा घालवला. जस्मीननं नोटांचा दिवा लावला.

ठोकळा निळा उजळला. विहिरीत खोल पाणी दिसावं तसा निळा. सगळे वाकले. चीर नव्हती. बुडबुडा नव्हता. पण मागच्या कडेला एक पिवळाहिरवा डाग होता, लांबट, बोटाएवढा, आणि त्याच्या टोकाशी आडवी, रिकामी रेघ.

“हे काय?” निरंजन सर म्हणाले. “तेल? बुरशी?”

गेणबा खाकरला.

“सायेब, बुरशीला बोट नसतंय.” तो आणखी वाकला. “आन् बोटाला अशी खाच आपल्यात एकाच माणसाची हाय.”

रजनीताईंनी आपली अनामिका डागाशेजारी धरली. खाच खाचेला लागली.

आणि त्यांना खंडेनवमीची सकाळ लख्ख आठवली. सरांचा नियम कडक होता: कपाटाला लावा, टेबलाला लावा, माझ्या टकलाला लावा, पण यंत्राच्या पोटात हळदीकुंकू न्यायचं नाही. इतकी वर्षं त्यांनी तो पाळला होता, नव्या पोरांनाही शिकवला होता. पण यंदाचा दसरा या खोलीतला शेवटचा होता. दोन्ही ठोकळे फडक्यावर मांडलेले होते, नवे, कोवळे, न्हाऊन पाटावर बसवलेल्या लेकरांसारखे. बाकीचे माळा बांधत होते. ज्याचं हत्यार त्यानं पुजायचं, ही गावाची रीतच. घरून आणलेल्या पुडीत त्यांचं बोट बुडालं आणि मागच्या कडेवर टेकलं, एकदा सुईणीला, एकदा ग्रामसेवकाला. मग लगेच भानावर येऊन त्यांनी ओल्या फडक्यानं पुसलंही होतं. डोळ्यांना काही उरलं नव्हतं. पण त्या कडेला शेवटची चकाकी द्यायची बाकी होती, बारीक ओरखड्यांत हळद बसली होती, आणि त्यावरच पट्टी गुंडाळली गेली.

“हळद,” जस्मीन हळूच म्हणाली. “हळद निळा उजेड खाते! सर, आपला सगळा उजेड निळाच आहे.”

 रजनीताईंच्या कानशिलांत गरम झालं. तीन आठवडे सगळ्यांना वणवण करायला लावली ती त्यांच्या बोटानं. आणि मग, त्यांना स्वतःलाही कळायच्या आत, त्या हसायला लागल्या. आधी खांदे हलले, मग आवाज फुटला, मग टेबलाला धरून त्या खाली स्टुलावर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. जस्मीनलाही आवरेना. निरंजन सर चष्मा काढून पुसत होते आणि पुन्हा पुन्हा म्हणत होते, “मी टेबलाखाली गेलो! मी टेबलाखाली गेलो आणि टेंगूळ आणलं!”

“सुईणीला हळद लागली म्हंजी बरोबरच हाय,” गेणबा गंभीरपणे म्हणाला. “बारसं जेवल्याबिगर ती कुटं कामाला लागती?”

*

हसून झालं, पण डाग तसाच होता.

“उन्हात ठेवा,” गेणबा म्हणाला. “धोतरावरची जाती, ही न्हाई जाणार?”

“नको,” रजनीताई आणि जस्मीन एकदम म्हणाल्या. उन्हानं हळद जाते हे खरं, पण उन्हानं हे प्लॅस्टिकही पिवळं पडतं. आणि तीव्र रसायन लावलं तर त्यावर बारीक भेगांचं जाळं धरतं.

“नवे मागवायचे तर जानेवारी उजाडेल,” निरंजन सर म्हणाले. त्यांची नजर पुन्हा कोपऱ्यातल्या ताडपत्रीकडे गेली नाही, एवढं रजनीताईंनी पाहून ठेवलं.

“घासून काढते,” त्या म्हणाल्या. “पण खोल गेलीय. कड बरीच जाईल.”

“एकाच बाजूची कड गेली तर ठोकळा वाकडा होईल,” जस्मीन म्हणाली. मग तिनं पेन्सिल उचलली. “पण ताई, सगळीकडूनच तिरकी घासली तर? मागं निमुळता, पुढं नळीकडं रुंद. मी असं वाचलंय कुठंतरी. काही लोक मुद्दाम करतात. मागच्या कोपऱ्यात उजेड फिरत बसतो ना, तो कोपराच ठेवायचा नाही.”

निरंजन सरांनी कागद ओढून घेतला. दुपारपर्यंत ते आणि जस्मीन संगणकावर किरणांच्या रेघा सोडत बसले. “मोजणी थोडी कमी होईल,” ते शेवटी म्हणाले, “पण उजेड सरळ पुढे जाईल. सरळ भिंतीवर तो आपटून मागे येतो. तिरक्या भिंतीवर…”

“सुपासारखं,” रजनीताई म्हणाल्या.

“सुपासारखंच,” निरंजन सर म्हणाले आणि त्यांचा चेहरा उजळला. “माझी आजी पाखडायची.”

तीन दिवस रजनीताई खिडकीपाशी बसून घासत होत्या. आधी ओला खरखरीत कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक, मग पांढरी पेस्ट आणि लुगड्याचं फडकं. गोल गोल, दाब न देता, गरम होऊ न देता. या वेळी त्यांनी जस्मीनला शेजारी बसवलं होतं. सुईण ताईंच्या हातात, ग्रामसेवक तिच्या.

“दाबू नकोस. भाकरी थापायला बसली नाहीस.”

“ताई, मला भाकरी येत नाही.”

“बरंय. म्हणजे वाईट सवयी नाहीत.”

जस्मीननं घासलेली एक बाजू त्यांनी उजेडाकडे धरून पाहिली. बराच वेळ पाहिली. “ही बाजू माझीच आहे असं वाटतं,” त्या म्हणाल्या. जस्मीननं मान वर केली नाही, पण तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

घरी तुळजाबाईंना सगळा प्रकार कळला तेव्हा त्यांनी ओशाळं व्हायचं सोडून मान ताठ केली. “माझी हळद हाय ती! पुसून जायला काय ती बाजारची हाय? तुझ्या सायबाला सांग, यंत्र बंद पाडंल पर रंग सोडायची न्हाई.” आणि दुसऱ्या दिवशी निरंजन सरांसाठी एक पुडी पाठवली. वर निरोप: टेंगळावर लावा.

*

पुन्हा पट्टी, पुन्हा काळी टेप. दोन दिवस स्थिर व्हायला. मग कोबाल्ट ठेवलं आणि चौघं पडद्यासमोर उभे राहिले.

डोंगर वाढायला लागला. आधी नुसते विखुरलेले ठिपके, मग धुकं विरून माथा दिसावा तसा आकार. बाजू खड्या होत्या. जस्मीननं मोजणीची कळ दाबली. आकडा आला आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

“सांग की,” गेणबा म्हणाला. “पॉइंटासकट सांग.”

“एकशे ब्याण्णव,” जस्मीन म्हणाली. “ताई, एकशे ब्याण्णव!” आणि तिनं रजनीताईंच्या गळ्यात हात टाकले. निरंजन सर दोघींना ओलांडून पडद्याला नाक लावून बघत होते. पुन्हा मोजलं. पुन्हा तेवढंच. गेणबा केव्हाच टपरीच्या वाटेला लागला होता, आणि लांबून त्याची हाळी ऐकू आली, “भजी कांद्याची का बटाट्याची?”

“दोन्ही!” रजनीताई ओरडल्या. त्या खोलीत त्या इतक्या मोठ्यानं कधी बोलल्या नव्हत्या.

*

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तांब्याचं उत्तर आलं. मऊ तांब्याची रेघ सरळ खाली उतरली होती. ठोकलेल्या तांब्याची तिच्यापासून जरा सुटून, रेंगाळत.

“हे बघा ताई,” जस्मीन त्या दोन रेघांच्या मधल्या फटीवर बोट ठेवून म्हणाली. “हे थांबलेले. अब्बांना आज दाखवते. म्हणते, मार खाऊन कणखर झालेत ते असे आतून दिसतात.”

निरोपाला केंद्रातली सगळी माणसं त्या लहान खोलीत दाटली. कुणी स्टुलावर, कुणी टेबलाच्या कडेवर. निरंजन सरांनी घरून स्टीलचा मोठा डबा आणला होता. झाकण उघडलं तर बासुंदी.

“मीच आटवली,” ते म्हणाले. “कुणाला चमचा लावू दिला नाही. थोडी खाली लागलीय.”

“कधी केलीत?”

“परवापासून चाललंय.”

“आणि तांब्यानं दगा दिला असता तर?”

“तर अशीच लागलेली बासुंदी दुखवट्याला चालली असती,” निरंजन सर म्हणाले, आणि सगळी खोली हसली.

वाट्या फिरल्या. रजनीताई हातात वाटी घेऊन उभ्याच होत्या, कारण बसायला जागा नव्हती. गेणबानं इकडे तिकडे पाहिलं. मग तो खिडकीपाशी गेला, रोजच्यासारखी खांद्यावरच्या फडक्यानं वेताची खुर्ची पुसली, आणि उचलून ताईंच्या मागे आणून ठेवली.  खोलीतली कुजबुज जरा कमी झाली. रजनीताईंनी खुर्चीकडे पाहिलं, गेणबाकडे पाहिलं, आणि पदर सावरून त्या बसल्या. वेत करकरला.

बासुंदी लागलेलीच होती. सर असते तर त्यांचीही लागलीच असती.

हळूहळू माणसं पांगली. जस्मीन नोटांचा दिवा पिशवीत घालून, पाया पडून, डोळे पुसत आणि हसत पौडला गेली. जाताना लुगड्याचं फडकं तिनं घडी करून आपल्या खणात ठेवलं. निरंजन सर डबा विसळायला गेले. यंत्र चालू होतं. पडद्यावर आकडे वाढत होते, एक जन्म, एक मरण, एक जन्म. रस्त्यावर पौडकडे जाणाऱ्या बसचा हॉर्न वाजला.

गेणबा किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात उभा होता. तो वाजू नये म्हणून त्यानं मुठीत घट्ट धरला होता.

“ताई, गाडी आली,” तो म्हणाला.

“जाऊ दे,” रजनीताई म्हणाल्या. “अजून जरा बसते.”